पिंजरा लावला की फोटो निघतो

गेल्या महिन्यात शेळ्यांच्या लसीकरणावर लिहिताना जाता जाता बिबट्याचा विषय काढला आणि संपलंच, पीपीआर, आंत्रविषार हे शेळ्यांचे रोग राहिले बाजूला, आलेली निम्मी पत्रं बिबट्यावर, एक लांडग्यावर आणि एक तर थेट अमेरिकेतून. आधीच सांगतो, मी वन्यजीवतज्ज्ञ वगैरे नाही. गुरांचा डॉक्टर. तीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, आणि त्या काळात मेलेल्या शेळ्या-वासरांच्या पंचनाम्यांवर इतक्या सह्या केल्यात की माझी सही आता तशीच येते, घाईघाईतली. त्या अधिकारात जे बोलता येईल तेवढं बोलतो. पत्रातली नावं-गावं काढलीत, दोघांनी तसं बजावलंच होतं.

प्रश्न : माझ्या तीन शेळ्या एका रात्रीत गेल्या, त्यातल्या दोन गाभण. वनखात्याचा गार्ड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तोवर एक शेळी कुत्र्यांनी ओढून नेलेली. तो म्हणतो हे कुत्र्यांचंच काम दिसतंय. आता भरपाईचं काय? – शेळीपालक, शिरूर तालुका

ताई, ज्या दोन शेळ्या जागेवर होत्या त्यांचा गळा कुणी बघितला का? बिबट्या नरडं धरतो. बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही, केस बाजूला सारले की दोन-चार भोकं, पेनाची रिफील जाईल एवढी, लोकांना वाटतं एवढ्यानं शेळी कशी मरेल. पण तिथली कातडी सोलली की आत सगळं काळंनिळं, रक्त साकळून पसरलेलं असतं. जनावर जिवंत असताना धरलं तरच असं रक्त पसरतं, मेल्यावर कुणी खाल्लं तर तिथं कोरडं राहतं. कुत्री मागून लागतात, मांड्या, कास, कान, दहा ठिकाणी लचके. त्यामुळे मागचा भाग कुत्र्यांनी खाल्लेला असला तरी गळा खरं सांगतो. गार्डला ते कळायलाच हवं असं नाही, म्हणून तर पंचनाम्याला गुरांचा डॉक्टर लागतो, तुम्ही तो बोलवायचा आग्रह धरायचा होता. तेव्हा काढलेले गळ्याचे फोटो असतील, गोठ्याभोवती ठसे दिसत असतील तर ते घेऊन रेंजरसाहेबांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही. पुढच्या वेळेसाठी (येऊ नये, पण) लक्षात ठेवा, ४८ तासांच्या आत कळवायचं, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन लावायचा म्हणजे फोनची नोंद राहते, आणि मेलेलं जनावर पंचनामा होईस्तोवर हलवायचं नाही. वरून एक जाड ताडपत्री टाका आणि चारी बाजूंनी दगड ठेवा, कुत्री ओढत नाहीत.

आता पैसे. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, दोन्हीत जे कमी ते. गाय-म्हैस-बैलाला ७५ टक्के किंवा ७० हजार, जे कमी ते. म्हणजे तुमची शेळी १८ हजाराची धरली तर साडेतेरा मिळणार. पोटातली करडं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, चार महिने दूध बुडालं तेही नाही, आणि सव्वा लाखाची म्हैस गेली तरी ७० हजारच. हा चौथा हिस्सा शेतकऱ्यानं का सोसायचा याचं उत्तर मला इतक्या वर्षांत कुणी दिलेलं नाही, मी वरच्यांना विचारलं होतं, ते म्हणाले डॉक्टर तुम्ही सही करा.

आणि गोठ्याचं बघा. तुमच्या पत्रावरून वाटतंय भिंत छातीएवढी आणि वर मोकळं. हा सगळ्यात वाईट प्रकार, याच्यापेक्षा उघड्यावर बांधलेल्या बऱ्या. बिबट्या आत उडी मारतो, शेळ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, ओरडतात, पळायला जागा नाही, मग तो जी हलेल तिला धरतो, म्हणून एकाच्या जागी तीन. वरून जाळी पाहिजे, आणि दाराला कडी, दोरी नको.

प्रश्न : आपण जंगलं तोडली, त्यांच्या घरात घुसलो, म्हणून बिबटे गावात आले. मग आता शेतकऱ्यांनी थोडं सहन करायला नको का? – आयटी कर्मचारी, हिंजवडी

दादा, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की आधी विचारतो, "आपण" म्हणजे कोण हो?

जुन्नर-आंबेगावच्या खालच्या पट्ट्यात जंगल तोडून ऊस लावला असं झालेलंच नाही. तिथं माळ होता, बाजरी होती, मटकी-हुलगा होता. मग कुकडीची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, घोड नदीवर डिंभे, कालवे आले आणि त्या पाण्यावर ऊस आला. आडसाली ऊस पंधरा-अठरा महिने उभा असतो, आत पाचटाचा गारवा, पाणी शेजारी, माणूस आत शिरत नाही. बिबटीणीला याहून चांगली बाळंतिणीची खोली कुठली? आज तिथं जो बिबट्या दिसतो त्याची आई उसात जन्मली, तिची आईही उसातच. त्याला भीमाशंकरच्या जंगलात सोडलं तर तो तिथं पाहुणा होईल, त्याचं घर हा फडच आहे.

हे नुसतं माझं मत नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजलं, जिथं चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात तिथं शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले आणि तेवढेच तरस. त्यांनीच विष्ठेवरून खाणं तपासलं, तर वजनाच्या हिशेबात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के, आणि शेळ्यांचा ११, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनसुद्धा. म्हणजे गावाच्या उकिरड्यावर जगणारी कुत्री हे त्याचं रोजचं जेवण, शेळी सणासुदीची. मला यात गंमत वाटते, आपण बिबट्याचा विचार करताना हरणं डोळ्यासमोर आणतो आणि तो बिचारा पोल्ट्रीच्या मागे कुत्र्याची वाट बघत बसलेला.

देशाचा आकडा विचाराल तर २०२२ च्या मोजणीत बिबटे १३,८७४, महाराष्ट्रात १,९८५. पण ही मोजणी मुख्यतः वाघ असलेल्या राज्यांतल्या जंगलांची, उसातला बिबट्या तिच्यात नीटसा येतच नाही. आणि सगळं राजकारण त्याच उसातल्या बिबट्याचं चाललंय.

राहिला सहन करायचा मुद्दा. सहन करतायतच की. तुम्ही कधी जानेवारीत रात्री दीड वाजता उसाला दारं धरलीत? थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, मोटर चालू करायला विहिरीवर जायचं, मग एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, पायात गमबूट, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत फिरवायचं म्हणजे वाकायचं. वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांचा दिसतो. शहरातल्या माणसानं बिबट्यावर प्रेम करावं, जरूर करावं, फक्त त्याची वर्गणी कोण भरतंय ते बघावं.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य. गावात बिबट्या रोज दिसतो, एक वासरू आणि पाच-सहा कुत्री गेली. लोक म्हणतात पिंजरा लावा, नाहीतर पुढच्या वेळी मत नाही. वनखातं म्हणतं परवानगी लागते. काय करू? – आंबेगाव तालुका

खरं सांगू का, तुमची अडचण मला बिबट्याची कमी आणि मताची जास्त वाटते, यात तुम्हाला टोमणा नाही, कुणीही त्या खुर्चीत बसला तरी हेच. पिंजरा ही फार सोयीची वस्तू आहे. तो ट्रॅक्टरमधून येतो, सगळ्यांना दिसतो, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो, आणि आत बिबट्या अडकला की दुसरा फोटो. शेतीला दिवसा दिलेल्या लाईटचा फोटो निघत नाही ना.

२००१ पासून जुन्नर विभागात हेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. पकडायचे आणि लांब जंगलात नेऊन सोडायचे. अत्रेयांच्याच अभ्यासात त्याचा हिशेब आहे, आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, सोडासोडी सुरू झाल्यावर सतरा झाले, आणि जीव जाण्याचं प्रमाणही वाढलं. कारण साधं आहे. ज्याला पकडला तो अनेकदा कुणाच्या वाटेला न जाणारा, स्वतःची हद्द राखून असलेला जुना नर. तो गेला की जागा रिकामी, मग तिथं दोन तरणे भांडत येतात. आणि ज्याला सोडला तो अनोळखी मुलखात, चिडलेला, उपाशी, घराकडे चालत सुटलेला. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. तो महिन्याच्या आत सव्वाशे-एक किलोमीटर चालून मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात जाऊन बसला, रस्ते, रेल्वे, खाडी सगळं ओलांडून, आणि वाटेत कुणाला ओरखडाही नाही. आजोबा शहाणा होता. सगळे आजोबा नसतात.

म्हणून आता पकडलेला बरेचदा सोडतच नाहीत, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात ठेवतात, तिथं किती ठेवणार याला मर्यादा आहे.

पण थांबा, मी दुसऱ्या टोकालाही जात नाहीये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात वीसेक दिवसांत तीन जीव गेले, दोन लहान मुलं आणि एक आजी. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला, शेवटी परवानगी निघाली आणि बिबट्याला गोळी घातली. त्या परिस्थितीत गोळी घालणंच बरोबर होतं, यावर मला प्राणिप्रेमींची शंभर पत्रं आली तरी मत बदलणार नाही. जो बिबट्या माणूस धरायला शिकला त्याच्याशी सहजीवन वगैरे होत नसतं. गाडी जाळणं चूकच, पण तिसरा जीव जाईपर्यंत माणसं शांत बसली होती हेही कुणी लिहावं.

त्यानंतर काय काय निघालं बघा. नसबंदीचा प्रयोग, केंद्रानं सुरुवातीला पाच बिबट्यांपुरती परवानगी दिली. करून बघायला हरकत नाही, पण नसबंदी झालेला बिबट्याही रात्री जेवतोच, त्यामुळे परिणाम दिसला तर काही वर्षांनी. जंगलात शेळ्या सोडा म्हणजे बिबटे बाहेर येणार नाहीत, हीसुद्धा कल्पना वनमंत्र्यांनी मांडली, ती ऐकून माझ्या ओळखीच्या एका शेळीवाल्यानं विचारलं, त्या शेळ्यांचा पंचनामा कोण करणार. आणि हिवाळी अधिवेशनात एक आमदार बिबट्याचा वेश घालून आले. हसू येतं, पण त्या वेशामुळे दोन दिवस सगळ्या चॅनलवर जुन्नर होतं, नुसत्या निवेदनानं झालं नसतं.

तुम्ही तुमच्या पातळीवर काय करू शकता. तुमच्याकडे माणसावर हल्ला नाही, तेव्हा पिंजऱ्यासाठी भांडू नका, ठराव करायचाच तर दिवसाच्या थ्री फेजचा करा. आपल्या जुन्नर वनविभागातली २३३ गावं २०२४ मध्ये बिबट आपत्तिप्रवण म्हणून जाहीर झाली, तुमचं गाव त्या यादीत असेल तर तो कागद वीजवाल्यांच्या टेबलावर आपटा, त्याचा उपयोग तिथंच आहे. मग वस्तीला खेटून ऊस. हे बोललं की लोक चिडतात, कारण गुंठा-गुंठा मोलाचा, तरी घराच्या ओट्यापासून पन्नास-साठ फुटांत तरी ऊस नको, कांदा लावा, मेथी लावा, काहीही कमरेखालचं. कोंबड्यांचे टाकाऊ अवशेष ओढ्यात फेकणं बंद करायला लावा, त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर तो. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पोरं एकटी अंगणात नकोत. यातलं काहीच फोटोत येणार नाही, ते मला माहीत आहे.

प्रश्न : शेतात काम करताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालावा का? टीव्हीवर बायका घालताना दाखवल्या. – खेड तालुका

पिंपरखेडला घातले होते बायकांनी. पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचा तसा पट्टा, आता खुरपायला बसलेल्या बाईच्या गळ्यात. उपयोग होतो की नाही यापेक्षा, घातल्यावर मनाला धीर येत असेल तर घाला. त्याहून बरं म्हणजे एकट्यानं वाकून काम करू नका, चौघी मिळून बसा, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा. घुंगराची काठीही चालते.

प्रश्न : बिबट्याला शेड्यूल वनमधून काढून टूमध्ये टाकलं की प्रश्न मिटेल ना? – बरेच जण

नाही मिटणार, पण मागणी कुठून येते ते समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल वनमधल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्याला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी, आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल तरच. शेळ्या खातो हे कारण चालत नाही. टूमध्ये मालमत्तेचं नुकसान हेही कारण चालतं, उभं पीकसुद्धा. म्हणजे निर्णय खालच्या पातळीवर, लवकर होऊ शकतो, तेवढं खरं. पण मारायला लागलात तरी ऊस आहे, कुत्री आहेत, जागा रिकामी झाली की दुसरा येणार. आणि कातडी-नखांचा बाजार करणारे टपून आहेत, त्यांना कुठलाही सैल दोर पुरतो.

प्रश्न : आमच्याकडं बिबट्या नाही, लांडगा आहे. दिवाळीनंतर आम्ही मेंढ्या घेऊन निघतो, वाटेत लांडगं दोन-तीन कोकरं नेतंच. भरपाई कधीच मिळाली नाही. लांडग्यासाठी सफारी काढतात, आमच्यासाठी काय? – मेंढपाळ तरुण, फलटण तालुका

तुझं पत्र वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण या नियमात खरंच तुझ्यासाठी जागा नाही. कागदावर आहे, मेंढीला १५ हजारांपर्यंत, वर लिहिलंय तेच. पण ते मिळवायला मेलेलं कोकरू जागेवर ठेवून दोन दिवस थांबायचं, आणि तुझा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, तर आज एकाच्या रानात बसलाय, उद्या दुसऱ्याच्या. दोनशे मेंढ्या थांबवायच्या कशा? त्यात लांडगा बिबट्यासारखा जागेवर टाकून जात नाही, कोकरू उचलून पळतो, मग पंचनामा कशाचा करायचा, रिकाम्या वाघरीचा, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीचा? एक उपाय सुचतो, तुम्ही जिथून निघता तिथल्या रेंजमध्ये वाड्याची आणि मेंढ्यांची नोंद करून घ्यायची आणि वाटेत कुठंही नुकसान झालं तर मोबाईलवर जागेसहित फोटो पाठवून तो धरला जावा, अशी मागणी तुमच्या संघटनेनं लावून धरावी.

लांडगाही शेड्यूल वनमध्येच आहे आणि बिबट्यापेक्षा त्याची अवस्था वाईट. सोलापूरजवळच्या नान्नजचा, इंदापूरच्या कडबनवाडीचा माळ सोडला तर त्याला हक्काची जागा फार उरली नाही. सरकारदरबारी माळरान म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की एमआयडीसी टाका, सोलर टाका, नाहीतर झाडं लावून जंगल करा, ज्यात ना मेंढी चरते ना लांडगा राहतो. गंमत अशी की माळ उघडा राहावा असं ज्याला मनापासून वाटतं असे दोनच जण, तू आणि लांडगा. सफारीच्या पैशातून त्या माळावर फिरणाऱ्या मेंढपाळाचं नुकसान जागेवर, त्याच दिवशी, रोख भरून द्यावं असं मला वाटतं, आणि हे मी एका बैठकीत बोललोही होतो, चहा आला आणि विषय बदलला.

आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्र्याचा संकर झालेली जनावरंही सापडलीत. म्हणजे कुत्री आणि लांडगे एकमेकांत मिसळतात, रोगही इकडचे तिकडे जातात, म्हणून तुमच्या राखणीच्या कुत्र्यांना रेबीजची आणि डिस्टेंपरची लस द्या, मी सांगायचं काम केलं. एक म्हातारा मेंढपाळ मला म्हणायचा, "डॉक्टर, त्याचा वाटा त्याला जातोच, फक्त त्यानं सगळ्या कळपाला वाटा समजू नये." त्याच्या वाड्यावर कायम चार कुत्री असायची आणि वाघरीच्या चारी कोपऱ्यांना कंदील.

प्रश्न : गोव्यात वाघीण आणि पिल्लांना विष घालून मारलं होतं, असल्या लोकांना जन्मठेप का नाही देत? – गृहिणी, ठाणे

जानेवारी २०२० ची गोष्ट, सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यातलं गोळावली. वाघीण आणि तिची तीन पिल्लं, चार वाघ गेले. तुमचा राग बरोबर आहे, शेड्यूल वनच्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं शिक्षा आहेच. पण अटक झाली ती गुरं पाळणाऱ्या घरातल्या लोकांना, ज्यांचं जनावर वाघानं मारलं होतं. विष घालणारा माणूस बहुतेक वेळा शिकारी नसतो, त्याच्याकडे कातडी विकायची अक्कलही नसते. मेलेल्या गुराच्या अंगावर कीटकनाशक टाकून तो घरी जातो. तो तिथवर का पोचला ते विचारल्याशिवाय नुसती शिक्षा वाढवून पुढचं विष थांबत नाही. पुढे जुलै २०२३ मध्ये हायकोर्टानं सरकारला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सत्तरीतल्या लोकांना भीती घर-बागायत सुटायची आणि पुढाऱ्यांना भीती सत्तरीची मतं सुटायची.

प्रश्न : मी डेन्व्हरला राहते, माहेर संगमनेर. २०२० मध्ये कोलोरॅडोत लांडगे परत आणायचे का यावर मतदान झालं, मी हो म्हणाले. आता तिथले गायीवाले आमच्यासारख्यांना शिव्या घालतात. माझं चुकलं का? – एक वाचक, अमेरिका

ताई, पहिल्यांदा हे की तुमच्याकडे निदान मत विचारलं, आमच्या शेळीवालीला कुणी विचारलं नव्हतं.

वाचकांसाठी थोडक्यात. कोलोरॅडोतून लांडगा शेतकऱ्यांनी आणि सरकारनंच विसाव्या शतकात संपवला होता. २०२० च्या मतदानात तो परत आणायचा ठराव जेमतेम ५१ टक्क्यांनी पास झाला. बाजूनं पडलेली मतं मोठ्या प्रमाणात डेन्व्हर-बोल्डरच्या शहरी पट्ट्यातली आणि लांडगे सोडायचे डोंगरापलीकडे, पश्चिमेला, जिथं गायीवाल्यांचे हजारो एकरांचे रँच आहेत आणि जिथं बहुतेकांनी नको म्हटलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगनमधून आणलेले दहा लांडगे सोडले, जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातून पंधरा. काही महिन्यांतच वासरं-मेंढ्या जायला लागल्या, एक अख्खी टोळी पकडून पुन्हा दुसरीकडे सोडावी लागली. वाचताना मला सारखं जुन्नरच आठवत होतं.

फरक पैशाचा. तिथं एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई, शिवाय लांडग्याच्या भीतीनं वासरांचं वजन कमी भरलं किंवा गायी कमी गाभण राहिल्या तर त्याचाही दावा करता येतो. शिरूरच्या ताईंनी हे वाचू नये. आणि तरी तिथला रँचवाला खूश नाही, कारण उन्हाळ्यात गायी लांब सरकारी कुरणात असतात, मेलेलं जनावर सापडतं तोवर हाडंच उरतात, मग लांडगा की आणखी कुणी, वाद तोच. तोच गळा, तोच पंचनामा.

राजकारण म्हणाल तर शेजारच्या वायोमिंगमध्ये राज्याच्या सुमारे ८५ टक्के भागात लांडगा कधीही, परवान्याशिवाय मारता येतो. आणि युरोपात बघा, जर्मनीत २०२२ मध्ये एका लांडग्यानं नेमकं युरोपियन कमिशनच्या अध्यक्षांच्या, उर्सुला फॉन डेर लायन यांच्या, घरचं तट्टू मारलं, आणि २०२५ पर्यंत युरोपात लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आलं. शेतकरी संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं ओरडतच होत्या हेही खरं, तट्टाचा योगायोग म्हणा. आमच्याकडे अजून कुठल्या मंत्र्याची म्हैस गेल्याचं ऐकलं नाही.

तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मत देऊन झाल्यावर एखादा रविवार गाडी काढून डोंगरापलीकडे जा, कुणा रँचवाल्याकडे कॉफी प्या, त्यानं शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. संगमनेरच्या आहात, पाहुण्याला शेवटी जेवायला घालतातच हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : आमच्या उसात तोडीच्या वेळी बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. मला ती पाळायची होती पण वनखात्याचे काका घेऊन गेले. त्यांची आई त्यांना परत घेते का? मी सातवीत आहे. – ओतूर

घेते. मी एकदा बघितलंय. कोयतेवाल्यांनी पाचट ओढलं तर खाली दोन, डोळे नुकते उघडलेले, मांजरीएवढेही नाहीत, आणि फुसफुस एवढी की एका टोळीवाल्या मामांनी हातातला कोयता टाकून दिला. तोड थांबवली. पिल्लं तपासली, ओळखीची चिप टोचून नोंद केली, आणि अंधार पडायच्या आत ज्या सरीत सापडली तिथंच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली, वर हलकं झाकण, समोर कॅमेरा. आम्ही लांब जीपमध्ये, बिडी पण बंद. रात्री सव्वादोनला ती आली. कॅमेऱ्यात नंतर बघितलं, आधी क्रेटभोवती एक फेरी, मग पंजानं झाकण पाडलं, एकाला मानेला धरून गेली आणि अर्ध्या तासानं दुसऱ्याला न्यायला परत आली. ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवरचं कुत्रं पण भुंकलं नाही, ते बहुतेक कोपीत शिरलं होतं.

पाळता येत नाही बाळा, कायद्यानंही नाही आणि तुझ्या आईलाही चालणार नाही. पुढच्या वेळी पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, दूध पाजायचं नाही, सेल्फी तर अजिबात नाही, आई बहुतेक शेजारच्याच सरीत असते आणि ती सगळं बघत असते. मोठ्या माणसाला सांगायचं, १९२६ लावायचा. आणि त्या दिवशी हात लावला असशील तर हात धुतलेस का? काही ओरबाडलं असेल, अगदी थोडंसं जरी, तर आजच घरी सांग आणि दवाखान्यात जा, रेबीजचं इंजेक्शन लागतं, दुखत नाही फार.